निम्म्या गोळ्या

बेकरीत तिला सगळे काटाबाई म्हणत. खरा वजनकाटा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असे आणि ती कणकेचे गोळे नुसत्या हातानं तोडत जाई. कुणी मुद्दाम तपासलंच, तर दोन गोळ्यांत चिमटीचाही फरक निघत नसे. हा गुण तिनं बेकरीत कमावला नव्हता. माहेरी आईच्या हातून साय भावांच्या वाटीत पडायची आणि हिच्या वाटीत खालचं पाणचट दूध. आपल्या घरात पंक्तिप्रपंच होऊ द्यायचा नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. पुढं मुलगा झाला, तीन वर्षांनी मुलगी झाली, आणि तिनं शब्द पाळला. इतका पाळला की थोरला चिडवायचा, "आई, मला एक शिंक आली. हिलाही एक दे."

आजार मात्र दोघांना बापाकडून आला, आणि तोही अगदी सारखा. त्यात फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, आणि श्वास आत घ्यायला जागाच उरत नाही. बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. शेवटी शेवटी तो घरच्या जिन्यात सहाव्या पायरीवर बसून राही, कारण सातवी चढायचा दम नसे. थोरला तेहतिसाचा झाला, धाकटी तिशीला आली, आणि वर्षभराच्या अंतरानं दोघांना तोच कोरडा खोकला सुरू झाला. थोरला छापखान्यात होता. धाकटी चौकशीच्या खिडकीवर होती, तिचं दिवसभर बोलायचंच काम. लोक तिला म्हणायला लागले, "ताई, जरा मोठ्यानं बोला."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की ह्यावर औषध नाही; पण एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिच्यात दोघांना घेता येईल. चाचणीचं काम बघणारी बाई कायम छातीशी एक जाडजूड वही धरून असे, म्हणून धाकटीनं तिचं नाव वहीवाली ठेवलं. त्या वहीवालीनं काटाबाईला खुर्चीत बसवून सगळं समजावलं.

"मावशी, हे औषध आधी जनावरांवर झालं. मग धडधाकट माणसांना दिलं, त्रास होत नाही ना ते बघायला. मग थोड्या आजारी माणसांना, किती द्यायचं ते ठरवायला. आता सहाशे आजाऱ्यांना देतोय. म्हणजे निम्म्यांना खरी गोळी, आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली."

"कुणाला कुठली?"

"ते संगणक ठरवतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. बाटलीवर फक्त नंबर."

"म्हणजे झाकली मूठ."

"तसंच म्हणा."

"मग सगळ्यांनाच खरी का देत नाही?"

वहीवालीनं वही मांडीवर ठेवली. "कारण मग कळणारच नाही, की माणूस औषधानं सावरला, की नुसत्या आशेनं, की त्याचा आजार आपोआपच जरा थांबला होता."

काटाबाईनं थोडा विचार केला. "आमच्याकडं नवं यीस्ट आलं की आम्ही एकाच कणकेचे दोन भाग करतो. एकात नवं, एकात जुनं, आणि भट्टी एकच. नाहीतर पाव यीस्टनं फुगला की त्या दिवशीच्या उकाड्यानं, कसं कळायचं?"

"मावशी, शिकलेल्यांना सांगून माझा घसा बसतो, आणि तुम्ही एका दमात समजलात."

समजलं होतं, खरंच. पण समजणं वेगळं आणि पचणं वेगळं. कणकेला आई नसते. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं, की दोघं एकाच घरात राहता, तर बाटल्या दोन खोल्यांत ठेवा, एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जाता कामा नये. वर्षभर नीट गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला पुढं खरं औषध मिळणार होतं. तिनं तिघांच्या वतीनं मान डोलावली, मुलांनी कागदांवर सह्या केल्या, आणि साठ-साठ गोळ्यांच्या दोन बाटल्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं कामावर गेली तेव्हा काटाबाईनं दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी. म्हणजे आपल्याकडं एक खरी आणि एक खोटी, असा तिनं सरळ हिशेब केला. एक पोर जगणार आणि दुसरं नुसतं पाणी पीत बसणार, आणि आपण दोघांना रोज आपल्या हातानं गोळ्या द्यायच्या. हे तिच्यानं होणं शक्य नव्हतं. तिनं ह्या बाटलीतल्या तीस त्या बाटलीत घातल्या, त्या बाटलीतल्या तीस ह्या बाटलीत, झाकणं लावली आणि दोन्ही बाटल्या खळखळून हलवल्या. मग हात धुतले आणि कामावर गेली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिला जेवण गोड लागलं.

दर महिन्याला नव्या बाटल्या येत, आणि आठ महिने तिनं हे केलं. वहीवाली दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजून घेई, आणि मोजणी बरोबर भरे. मुलं नळीत फुंकर मारत आणि पडद्यावर आकडा उमटे. धडधाकट माणसाचा शंभर धरला, तर थोरला सहासष्टवरून साठवर आला आणि धाकटी एकसष्टवरून चोपन्नवर. वहीवाली आकडे लिही. काटाबाई मनाशी म्हणे, उतरताहेत, पण जोडीनं उतरताहेत. एकानं दुसऱ्याला मागं टाकलेलं नाही. एवढ्यावरही आईला समाधान मानता येतं.

नवव्या महिन्यात डॉक्टरांनी तिघांना बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं. चाचणीतल्या लोकांचं रक्त दूरच्या एका प्रयोगशाळेत जाई, तिथून ते आलं होतं.

"ज्याला रिकामी गोळी दिली होती त्याच्या रक्तात औषध सापडलंय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही एकमेकांच्या गोळ्या घेतल्या का?"

"नाही," थोरला म्हणाला. धाकटीनंही मान हलवली. मग दोघांनी एकदमच आईकडं पाहिलं. त्यांना तिची रीत ठाऊक होती.

"मी केलं," काटाबाई म्हणाली. "दोन्हीतल्या निम्म्या-निम्म्या."

डॉक्टर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "बाई, निम्मे म्हणजे सहाशेतले निम्मे. तुमच्या घरातले नव्हेत. दोघांची खरी असू शकली असती, दोघांची रिकामीही. आणि अर्ध्या औषधानं अर्धा गुण येत नाही. रक्तात ते ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच चालतं. खाली राहिलं तर घेतलं काय आणि न घेतलं काय."

ही गोष्ट तिला कुणी सांगायला नको होती. निम्मं यीस्ट घातलेला पाव निम्मा फुगत नाही, तो बसतो. बेकरीतल्या नव्या पोरींना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची.

"कुणाच्या रक्तात सापडलं?" धाकटीनं विचारलं.

डॉक्टर पत्राकडं बघत राहिले. वहीवालीची नजर मात्र थोरल्याकडं गेली, आणि तिनं ती लगेच फिरवली तरी उशीर झाला होता. मग डॉक्टरच म्हणाले, "ह्यांच्या."

थोरला उठून बाहेर गेला आणि पाठमोरा, कठड्याला धरून उभा राहिला. जी भरलेली बाटली होती ती धाकटीची होती. चिठ्ठी तिच्या नावानं निघाली होती, आणि आईनं आठ महिने त्यातलं निम्मं काढून भावाच्या तोंडात घातलं होतं.

दोघांचीही नावं चाचणीतून निघाली. वर्षाच्या शेवटी मिळायचं ते औषधही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. परतताना धाकटी दर चौकात थांबत होती, श्वास जमवत होती. काटाबाई वाट बघत होती, की ही आता तरी काही बोलेल, शिव्या देईल. घराच्या दारात आल्यावर धाकटी एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस."

त्यानंतर काटाबाईचा हात गेला. गोळे लहानमोठे पडायला लागले, आणि मालकानं काटा पुसून तिच्यापुढं आणून ठेवला. तिला रोज आपली आई आठवे आणि रोज तिचा राग येई, मग स्वतःचा येई. आईनं निदान जाणूनबुजून केलं होतं. आपण दोघांचं भलं करायला गेलो, आणि लेकीच्या वाट्याचं लेकाला देऊन बसलो, आणि त्याचंही काही झालं नाही. हे ती कुणाला सांगणार होती?

दोन वर्षांनी चाचणी संपली आणि औषध पास झालं. ज्यांनी खऱ्या गोळ्या घेतल्या होत्या त्यांची घसरण जवळजवळ थांबली होती. वहीवालीचा फोन आला, तेव्हा काटाबाई बेकरीतून तशीच पिठाच्या हातांनी निघाली. थोरला छापखान्यातून आला. धाकटी तोवर घराबाहेर पडत नव्हती. तिच्या पलंगाशी प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरत असे.

डॉक्टरांनी दोघांचे ताजे आकडे पाहिले; धाकटीचा वहीवालीनं घरी येऊन लिहून नेला होता. थोरला सत्तेचाळीस. धाकटी छत्तीस.

"ह्यांना आजपासून सुरू करू," ते म्हणाले. "ह्यांच्या बहिणीला देता येणार नाही. चाळीसच्या खालच्या कुणालाच आम्ही चाचणीत घेतलं नव्हतं. त्यांना ते चालतं की बाधतं, कुणालाच माहीत नाही."

"मग बघा ना देऊन."

"असं एकेकट्याला देऊन कळत नाही, बाई. तुम्हालाच तर ते पहिल्या दिवशी समजलं होतं. अशा रुग्णांसाठी वेगळी चाचणी निघणार आहे. वर्ष-दीड वर्ष लागेल."

वर्ष-दीड वर्ष म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

दुपारी थोरल्यानं बाटली स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईसमोर ठेवली. शेजारी त्यानं एक रिकामी बाटलीही ठेवली, घासून पुसून आणलेली.

"निम्म्या कर," तो म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. माहीत नाही म्हणाले. बाधेल असं नाही म्हणाले. आई, हे तिचंच आहे. आठ महिने मी तिचं खाल्लंय. आता तू कर, नाहीतर मी करतो."

काटाबाईनं झाकण उघडलं. आत साठ गोळ्या होत्या, पिवळ्या, हरभऱ्याएवढ्या. तिला वाटलं, द्याव्यात. काय माहीत, चालतीलही. आणि नाही चालल्या, तर आपण लेकीला वगळलं नाही एवढं तरी होईल. पण ते आपल्यासाठी होईल, लेकीसाठी नाही, हे तिला आता दिसत होतं. निम्म्या केल्या तर हाही जाणार. तिनं एक गोळी काढली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"घे."

"आई."

"माझ्यासमोर घे. आणि रोज घ्यायची. सगळ्या तुझ्या आहेत."

मग त्यानं गोळी तोंडात टाकली आणि पाणी न पिताच मान वर करून गिळली. रिकामी बाटली उचलून तो बाहेर निघून गेला.

काटाबाई आतल्या खोलीत गेली. धाकटी उशांना टेकून बसली होती. भिंत पातळ होती, आणि यंत्राच्या घरघरीतही पलीकडचं ऐकू येत असे.

"घेतली त्यानं?" तिनं विचारलं. एवढ्या दोन शब्दांतही तिला मध्ये थांबावं लागलं.

"घेतली."

"सगळ्या त्यालाच ना?"

"सगळ्या त्यालाच."

"बरं केलंस," धाकटी म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. तिची पाठ हलायला लागली. काटाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. धाकटीनं तो झटकला नाही, आणि धरलाही नाही.