धारूरपुरता कॉम्प्युटर

वैजिनाथअप्पांचं धारूरच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि घरी श्रीशैल नावाचं एकुलतं एक पोरगं होतं. अप्पांचा जीव दुकानात, पोराचा जीव जुन्या एस्टीममध्ये. श्रीशैलनं आणि योगीराज मेकॅनिकनं मिळून त्या गाडीचं पार सोंग करून टाकलं होतं. मागची सीट काढली, इंजिनाच्या आतले भाग बदलले, सायलेन्सर तर असा लावला की गल्लीतल्या म्हशी दावं तोडायच्या. "चांगली गाडी होती, हिला भूत लागलं," असं अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

शेवटी बापलेकात ठरलं. कोकणात समुद्राकाठी एक रेस होती. पुण्याची एक टीम तिथं ड्रायव्हर हेरायला येणार होती. त्यांनी घेतलं तर श्रीशैल पुण्याला जाईल. नाही घेतलं तर गुमान दुकानाच्या गादीवर बसेल. अप्पांनी हा शब्द शिवकांताबाईंसमोर दिला होता, आणि बायकोसमोर दिलेला शब्द फिरवायची त्या घरात सोय नव्हती.

बदललेल्या इंजिनाला गाडीचा मूळचा कॉम्प्युटर पुरेना. पेट्रोल किती सोडायचं ते त्या डब्याला उमगेना आणि गाडी आचके द्यायची. बाहेरून बसवायचे कॉम्प्युटर परदेशातून येऊन मुंबईत नुकते उघड विकले जाऊ लागले होते. अप्पा दिवाळीच्या खरेदीला मुंबईला निघालेच होते. श्रीशैलनं त्यांना दुकानाचा पत्ता दिला.

"अप्पा, तिथला मानूस जाणकार हाय. तो इचारील ते सांगा आन् तो देईल ते आना."

माणूस खरंच जाणकार होता. एकसारखे दिसणारे दोन डबे त्यानं पुढं ठेवले.

"हा पहिला, पेडल किती दाबलं ते बघून पेट्रोल सोडतो. जिथं ट्यून कराल तिथं गाडी झकास पळेल. दुसरा हवेचा दाबही मोजतो. डोंगरावरून खाली उतरलं की हवा दाट होते, पेट्रोल जास्त लागतं. ते हा आपोआप वाढवतो. तुमची गाडी चालणार कुठं?"

गिऱ्हाइकाला असं विचारूनच माल द्यावा, हे अप्पांना मनापासून पटलं. कोकणाचं नाव त्यांच्या ओठावर आलंही होतं. पण जिभेला हाड नसतं.

"धारूरलाच," ते म्हणाले. "आमचं गाव डोंगरावर हाय. आता कुटं जायचं न्हाई."

पहिला डबा पिशवीत आला. परतीच्या वाटेवर अप्पांनी स्वतःची समजूत घातली, की रेस काय एका दिवसाची, गाडी तर जन्मभर धारूरलाच राहणार. पोराचं वाईट करावं असं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना पोरगं घरी हवं होतं, बस्स.

मग कित्येक दिवस दोघं घाटातच होते. श्रीशैल चालवायचा आणि योगीराज शेजारी मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन बसायचा. चढावर इंजिन खडखडलं की तो तिथलं पेट्रोल वाढवायचा, काळा धूर आला की कमी करायचा. एकदा अप्पाही मागं पत्र्यावर उकिडवे बसून गेले. वर पोचल्यावर योगीराजनं प्लग खोलून त्यांच्या हातात दिला. टोकाला विटकरी रंग आला होता.

"असा रंग आला म्हंजी पेट्रोल बराबर," तो म्हणाला.

लुगडं पारखावं तसा अप्पांनी तो प्लग उन्हात धरून पाहिला. "रंग पक्का हाय," ते म्हणाले.

श्रीशैल हसला. बापाकडं बघून असा मोकळा तो कित्येक वर्षांत हसला नव्हता. दुसरा डबा मिळतो, बदलून आणू, एवढंच सांगायचं होतं. अजून दिवस हातात होते. अप्पा मूग गिळून बसले.

कोकणात सुरुवातीला श्रीशैल सगळ्यांच्या पुढं होता. मग लांब सरळ रस्ता आला, त्यानं पेडल पार खाली दाबलं, आणि इंजिनातून धूर निघून गाडी कडेला थांबली. पुण्याचे लोक दुसऱ्याच ड्रायव्हरशी बोलत निघून गेले.

गाडी ट्रकात घालून घरी आली. योगीराजनं अंगणातच इंजिन खोललं. पिस्टन वितळला होता. त्यानं प्लग काढून पुन्हा अप्पांच्याच हातात ठेवला. तो कोऱ्या मांजरपाटासारखा पांढरा पडला होता.

"पेट्रोल कमी पडलं. आमी सगळं घाटावर ट्यून केलं आन् खाली हवा दाट. ह्या डब्याला ते कळतच न्हाई," योगीराज म्हणाला. "हवा मोजणारा पन मिळतो म्हनं. मंग त्यानं ह्योच कावून दिला?"

श्रीशैलनं बापाकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, आणि अप्पांना तेच सोसेना.

"अप्पा, गाडी कुटं चालणार ते त्यानं इचारलंच न्हाई का?"

अप्पांचा हात सवयीनं गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग चूक माजीच. मीच जायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून, विभूती लावून अप्पा दुकानात आले, तर श्रीशैल आधीच गादीवर बसून खण मोजत होता. शब्द त्यानं पाळला होता. समोर नेहमीच्या गिऱ्हाईक चंद्रभागाबाई बसल्या होत्या.

"लई बरं झालं बाबा, दुकानात बसलास," त्या म्हणाल्या. "आता हितंच का?"

"धारूरलाच," श्रीशैल मान वर न करता म्हणाला. "आता कुटं जायचं न्हाई."

अप्पा फडताळाकडं वळले आणि घडी घातलेलं कापड उलगडून पुन्हा घडी घालत राहिले.