वरच्या उताराचं शिंग

चमचा किणकिणला, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली सकाळपासूनची शांतता मोडली. अपोलीन वाडग्यातला कोको ढवळत होती. पाच वर्षांची पोर. चमचा एका बाजूने गरगर फिरवायची, मधोमध खोल भोवरा पडला की थांबायची आणि मग उलटा फिरवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बापाचं बघून आलं होतं.

तिच्या आईने, सोलेनने, खिडकीकडे तोंड फिरवलं. समोरच्या उतारावरच्या द्राक्षवेलींचे डोळे फुगले होते.

"आज तरी उकरायची का शिंगं?" दारातून सासूबाईंचा आवाज आला. ओदिलबाई कुदळ घेऊनच उभ्या होत्या. "ईस्टर होऊन गेला. आता काय कोंबड्यांनी उकरायची वाट बघतेस?"

"बघू, आई. जमीन ओली आहे अजून."

"जमीन नाही, तू ओली आहेस. चल."

सोलेनला हसूही आलं नाही. तिच्या नवऱ्याने, तिएबोने, ती शिंगं द्राक्षांची तोडणी उरकल्यावर पुरली होती. दरसालचंच काम. गाभण गाईचं शेण गाईच्याच शिंगात दाबून भरायचं, हिवाळाभर जमिनीत ठेवायचं, वसंतात काढून पाण्यात तासभर ढवळायचं आणि वेलींच्या मुळांशी शिंपडायचं. त्यानंतर महिन्याभरात, पानं पिवळी पडून गळत असताना, तो वेलींमध्येच छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या हातचं आता दोनच ठिकाणी उरलं होतं: तळघरातल्या पिंपात हळूहळू मुरणारी वाईन आणि मातीखालची ती शिंगं. ती उकरली की संपली, एवढंच तिला कळत होतं.

भोपळ्याच्या वाफ्यापलीकडे खड्डा होता. ओदिलबाईंनी पहिला घाव घातला.

"पहिल्या वर्षी मी त्याला काय बोलले होते माहीत आहे? म्हटलं, शेण ते शेण, त्याला शिंगाची टोपी कशाला? सगळा गाव हसेल. आणि हसलाच गाव." त्या थांबल्या, धाप लागली होती. "मग तिसऱ्या वर्षीची वाईन प्यायले, आणि गप्प बसले."

शिंगं निघाली, पण पावसाने घात केला होता. खड्ड्यात पाणी साचलं होतं. एकेक शिंग उघडावं तर आत हिरवट, चिकट, वास मारणारं शेण तसंच. अपोलीनने नाक दाबलं. "ई! बाबांचं बिघडलं!"

शेवटी कडेची दोन शिंगं कोरडी लागली. ओदिलबाईंनी एक दगडावर आपटलं. काळी, भुसभुशीत माती सोलेनच्या हातावर पडली. जंगलात पाऊस पडून गेल्यावर येतो तसा वास. तिने ती बोटांनी चाचपली. शिंगाचं तोंड तिएबो अंगठ्याने दाबून बंद करायचा. तो ठसा ती शोधत होती. ठसा नव्हता. शेणाचा मागमूस नव्हता, तर ठसा कुठून राहणार!

"बघ," ओदिलबाई नातीला म्हणाल्या, "जमीन कुणाचं बुडवत नाही. पानगळीत तिच्या ओटीत घाल, हिवाळाभर सांभाळते, वसंतात चांगलं करून परत देते."

अपोलीनने मान डोलावली, फार गंभीरपणे.

दुसरं शिंग सोलेनने तेवढ्यात कोटाच्या खिशात सरकवलं.

अंगणातल्या लाकडी पिंपात पावसाचं कोमट पाणी होतं. सोलेनने हातावरची माती त्यात सोडली, दांडा घेतला.

"दुसरं?" ओदिलबाईंनी विचारलं.

"ते... कच्चंच निघालं."

म्हातारीने कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक खालच्या उतारापुरतं होईल. वरच्या उताराला काय पाजशील? आसवं? खारं पाणी सोसत नाही वेलीला."

वरच्या उतारावरच्या वेली लग्नाच्या वर्षी दोघांनी मिळून लावल्या होत्या.

"आई, त्याचं एवढंच आहे हो माझ्याकडे."

"माझ्याकडे तरी दुसरं काय आहे?" ओदिलबाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "माझा पोर होता तो. पण पोरी, हे त्याने खिशासाठी नव्हतं भरलं. तळघरातली वाईनही अशीच पुजत बसणार आहेस का? वाळून धूळ होईल ते. मग धूळ जप."

सोलेनने शिंग बाहेर काढलं. गुळगुळीत, गार. गालाला लावलं. मग पिंपाच्या काठावर आपटलं, पहिल्यांदा हलकं, मग जोरात. काळी माती पाण्यात पडली आणि पसरत गेली.

ती ढवळू लागली. भोवरा खोल गेला. थांबली, उलटं फिरवलं. पाणी खळबळलं, पुन्हा वळलं. खांदे भरून आले तरी हात थांबले नाहीत. अपोलीन पिंपाच्या काठाला हनुवटी टेकवून पाण्यात बघत होती.

"आई, हे आधी घाण होतं ना?"

"हो, राणी."

"आणि जमिनीने चांगलं केलं."

"हो."

"आपण बाबांना पण पानं पडत होती तेव्हाच पुरलं. चर्चच्या मागे."

सोलेनचे हात थांबले. पाणी मात्र आपल्या वेगाने फिरतच राहिलं.

"मग आई, बाबांना कधी काढायचं?"