झऱ्यापर्यंत पोचलेली साखळी

मित्रांनो, झऱ्याजवळच्या खांबाला वेढे घालून बांधलेली आणि टोकाला पेला लटकवलेली ती गंजकी साखळी दिसते ना? ती मी. हसू नका! मी एक जुनी, जमीन मोजणारी साखळी आहे. शंभर कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी. एके काळी माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

लोहारशाळेतून मी थेट एका मोजणीदाराच्या हाती आले. त्याच्यामागून डोंगर चढले, काट्यांतून घासत गेले, चिखलात लोळले. "ही सांगेल तीच हद्द," असं तो ऐटीत म्हणायचा आणि मी फुगायचे.

माझं शेवटचं मोठं काम म्हणजे हे खोरं. इथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक होते, पण त्यांच्याकडे कागद नव्हता. एक म्हातारा बाबा म्हणाला, "या झऱ्याचं पाणी पितात ते सगळे इथलेच. त्यात मोजायचं काय?" मोजणीदार हसला. मोठ्या खडकापासून झऱ्याच्या दिशेनं त्यानं मला चाळीस वेळा ताणलं, कागदावर 'चाळीस साखळ्या' लिहिलं आणि जमीन भलत्याच्याच नावावर झाली. ते लोक भांडीकुंडी डोक्यावर घेऊन निघाले. आजही मला माझी लाज वाटते.

पुढे टेप आली आणि मला कुणी विचारीना. मोळ्या बांधता बांधता शेवटी मी याच जमिनीच्या फाटकाला अडकले.

त्या बाबाची पणती म्हणजे आमची मावशी. सगळ्यांचीच मावशी! ती आणि समुद्रापलीकडून आलेली काही कुटुंबं इथं मजुरीनं भाजी पिकवायची. मालकानं जमीन विकायला काढली, तेव्हा देणग्या गोळा करून जमिनी घेणाऱ्या एका संस्थेनं ती या सगळ्यांसाठी मिळून घ्यायचं ठरवलं. अट एकच होती. जमीन कुणी विकायची नाही, सगळ्यांनी मिळून राखायची.

पण मोजणीच्या दिवशी घात झाला. मोजणीच्या बाईंनी टेप लावली, तर चाळीस साखळ्या झऱ्याच्या दहा पावलं अलीकडेच संपल्या. पलीकडे दगडाची खाण. म्हणजे झरा खाणवाल्याचा! मावशी पुढे येऊन म्हणाली, "पाण्याशिवाय जमीन घेऊन करू काय हो, बाई?"

समुद्रापलीकडून आलेल्यांत एक लोहार होता. फाटक लावता लावता तो थबकला. त्यानं माझ्या कड्या चिमटीत धरून निरखल्या.

"अहो बाई, ही बघा! कड्या किती झिजल्यात. झिजलेली साखळी लांबते. पहिल्या मोजणीला हिनंच मोजलं असेल तर?"

"हिनंच कशावरून?"

बाईंनी माझ्या मुठीवरचा क्रमांक जुन्या नकाशाशी ताडून पाहिला. तोच निघाला.

मग काय! मला सोडवलं, पुसलं आणि खडकापासून ताणायला घेतलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. दर खेपेला मी टेपेपेक्षा वीतभर पुढे जात होते. चाळिसाव्या खेपेला माझी मूठ झऱ्याच्या पल्याड टेकली.

"पहिली मोजणी जिथं संपली, तीच हद्द," बाई म्हणाल्या. मावशी रडली. लोहारही रडला. मीही रडले असते, पण आधीच काय कमी गंजले होते?

लोहार म्हणाला, "मावशी, हिची लांबी नीट करून देऊ का? एखादी कडी काढली की झालं."

"खबरदार!" मावशी म्हणाली. "आहे तशीच राहू दे तिला."

तेव्हापासून मी इथं आहे. मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात टेप येईल, कागद येईल. कुणाची जमीन मोजायला गेलात, तर आधी विचारा, इथलं पाणी कोण पितं? त्या बाबानं हे कुणी न विचारताच सांगितलं होतं, आणि मी हसणाऱ्याच्या हातात होते. आता तहानलेला कुणीही येवो, मूळचा असो की कालच आलेला, मी त्याला काही विचारत नाही. पेला त्याच्या ओठांपर्यंत पोचेल एवढी मी नक्कीच लांब आहे.