ढोलीपाशी आलेला तिसरा

तिने दुर्बिणीची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा समोरच्या झाडावर रोखली. लिंपलेल्या ढोलीच्या फटीतून मादीची चोच बाहेर आली, थोडा वेळ थांबली आणि रिकामीच आत गेली.

धनेशाची तऱ्हाच न्यारी! मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, पंखांची पिसं गाळते, पिल्लू वाढवते; नराने दिवसभर फळं आणून भरवायची. तो आला नाही की संपलाच कारभार. आणि या ढोलीचा खाचेच्या चोचीचा नर परवापासून फिरकला नव्हता.

"काका, शिडी लावून आपणच फळं दिली तर?" ती कुजबुजली.

"बिथरून बाहेर पडेल ती. उडायला पिसं कुठायत तिला? मचाणावर बघणाऱ्याने फक्त बघायचं, आणि तोंड बंद ठेवायचं."

तीस वर्षं वनरक्षकी केलेला माणूस, बोलणार असंच. पण त्याचा चहा कपात तसाच गार झाला होता.

डोंगराखाली समुद्र चकाकत होता. ती चार वर्षांची असताना बापाची होडी त्यात गेली ती गेलीच. आठव्या दिवशी हा काका पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन डोंगर उतरला. "तात्पुरता आलोय, वहिनी," म्हणाला आणि ट्रंक बाहेरच्या खोलीत ठेवली. त्याला बावीस वर्षं झाली. तिच्या वेण्या तो अशा घालायचा की शाळेतल्या पोरी पोट धरून हसायच्या. तरी एक दिवस चुकला नाही.

तेवढ्यात भात्यासारखा पंखांचा आवाज आला.

"आला!" ती पुटपुटली आणि लगेच हिरमुसली. चोचीला खाच नव्हती. हा कुणी दुसराच, कोवळा, नवखा. पहिलं फळ त्याने फटीपाशी नेलं आणि धांदलीत खाली पाडलं. मादीने चोच आत ओढली. त्याने गळ्यातून दुसरं फळ वर आणलं, मान वाकडी करून फटीत धरलं आणि हललाच नाही.

बऱ्याच वेळाने आतून चोच आली. फळ गेलं. आतून पिल्लाची चिरचिर ऐकू आली.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" काका ओरडलाच. मग स्वतःच जीभ चावली.

"कोण असेल हो?"

"असेल कुणी भाऊबंद. काय देखणा आहे बघ लेकाचा!"

तिने वनखात्याची नोंदवही उघडली. 'भरवणारा' या रकान्यात आजवर एकच शब्द होता, नर. तिने जरा विचार करून लिहिलं, 'काका'. नियमाप्रमाणे सहीसाठी वही त्याच्यापुढे धरली.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. साहेब काय म्हणतील, असं काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती.

त्याने खाली सही केली. "पुढे 'तात्पुरता' लिही," म्हणाला, आणि तिची दुर्बीण ओढून घेऊन पुसायला लागला.