केसभर ठेवून

कॅमेऱ्याने सरळ कानांवर हात ठेवले. मागच्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली : लेन्स जोडलेली नाही.

"नाही म्हणजे?" ताईंनी पडद्यात नाक खुपसलं. "मग हे काय पेल्याचं बूड लावलंय?"

भाची हसत सुटली. जुन्या लेन्सला विजेच्या तारा नसतात, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याला ती आहे हे कळतच नाही, त्याला तसं बजावून ठेवावं लागतं, असं सांगत तिने कुठलंसं बटण दाबलं. पडदा उजळला. वर्कशॉपच्या टोकाची भिंत, तिच्यावर टांगलेली पान्यांची रांग, सगळ्यात जुन्या पान्यावरचा गंज, सगळं इतकं लख्ख दिसलं की मामांच्या अंगावर काटा आला. हातातलं फडकं कधी खाली पडलं ते त्यांना कळलंही नाही.

लेन्स ताईंची होती. मामांची ही मोठी बहीण चाळीस वर्षं रुंद फिल्मचा कॅमेरा गळ्यात घालून हिंडली. लग्नं, शाळांचे गट, कारखान्यांची उद्घाटनं, काही म्हणून सोडलं नाही. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं, ते याच लांबट, जडशीळ लेन्समधून. तो कॅमेरा केव्हाच मेला आणि त्याला जिवंत करणारेही राहिले नाहीत. लेन्स मात्र ठणठणीत होती. ताईंच्या मुलीला, म्हणजे भाचीला, जुने कागद आणि नकाशे टिपायच्या कामासाठी डिजिटल कॅमेरा मिळाला, तोही मोठ्या सेन्सरचा. आईच्या फिल्मएवढा नसला तरी त्याच घराण्यातला. या दोघांचं जमवायचं तर मध्ये एक नळी हवी होती. नळीच्या दोन्ही टोकांची तोंडं तयार होती. एक मेलेल्या कॅमेऱ्याचं काढलेलं, दुसरं भाचीने आणलेलं. मधला भाग मामांनी आपल्या लेथवर ॲल्युमिनियमच्या दांड्यातून काढला आणि आतून काळा रंगवला, म्हणजे उजेड आतल्या आत उड्या मारणार नाही. तीन दिवस ते जेवतानासुद्धा नळीवरच बोलत होते.

घाईचं कारण म्हणजे आज चार वाजता भाची आईला कायमची घेऊन जाणार होती. तिचं घर तळमजल्यावर, दवाखाना समोर. इथे वर्कशॉपच्या डोक्यावर राहायची जागा, आणि ताईंच्या गुडघ्यांना तो जिना झेपेनासा झाला होता. मामांना सगळं पटलं होतं. अकरा वर्षं दोघं एकत्र राहिलेली, त्यामुळे पटलं तरी घशाखाली उतरत नव्हतं, एवढंच. ताईंची मात्र अट होती. लेन्स लांबचं दाखवत नाही तोवर मी हलणार नाही, कारण अर्धवट काम मागे ठेवलं तर हा बारक्या ते जन्मभर तसंच ठेवील, असं त्यांनी लेकीला ठणकावलं होतं.

बारक्या म्हणजे मामा. वय वर्षं चौसष्ट.

तिघं वर्कशॉपच्या दारात आली. समोरचा रस्ता सरळ वळणापर्यंत जात होता आणि त्याच्याही पलीकडे, घरांच्या वर, पाण्याची टाकी दिसत होती. समोरच्या दुकानाची पाटी सुरेख आली. पुढचं झाड पानापानासकट आलं. मग भाचीने लेन्सची कडी फिरवत आडव्या आठाच्या, म्हणजे अनंताच्या, खुणेपर्यंत नेली. त्याच्यापुढे कडी जात नाही. टाकी मात्र धुरकटच राहिली.

"झोपेतून उठल्यासारखी दिसतेय," ताई म्हणाल्या.

नळी किंचित लांब झाली असणार, भाची म्हणाली. चोख माप तर तिनेच लिहून दिलं होतं.

मामा चष्मा पुसू लागले. काढलेलं परत येत नाही, म्हणून जरा ठेवून काप, हे त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मामांनी ते लेथपुरतं ठेवलं नाही. जेवताना एक घास ठेवून उठायचं, भांडताना एक शब्द ठेवून गप्प बसायचं. लग्नाचंही जरा थांबून बघू म्हणाले होते, ते बघणं अजून चालूच होतं. पण लेथवर ते राखलेलं शेवटी काढून काम मापात आणायचे, यात कधी कसूर नव्हती. आज सकाळी मात्र मायक्रोमीटरने शिल्लक दाखवली, आणि त्यांनी मशीन बंद केलं. का केलं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मामा, आज नाही झालं तरी चालेल," भाची म्हणाली. "मी पुढच्या महिन्यात येते. आईला तेव्हाच नेईन."

पुढचा महिना. आणखी तीस दिवस सकाळी दोन कप चहा. मामांच्या ओठांवर हो आलंच होतं, पण ताई त्यांच्याकडे बघत होत्या. समोरचा माणूस श्वास कधी रोखून धरतो, हे ओळखण्यात त्या बाईंची हयात गेली होती.

"किती ठेवलंयस?"

"कुठे काय?"

"बारक्या."

"केसभर," मामा म्हणाले.

"मग काढ ते."

मामांनी नळी लेथला लावली. एकदा हात घातला आणि त्यांना चेवच आला. हत्याराला पुन्हा धार लावली, श्वास धरला, आणि कापसासारखा बारीक कीस निघू लागला. मायक्रोमीटर लावून पाहिला. चोख. तेवढ्यात भाची अडखळत म्हणाली, की अजून किंचित काढशील का, नळी थोडी आखूड चालते, लांब मात्र चालत नाही. मापाच्या खाली जायचं! सत्तेचाळीस वर्षांत मामा कधी मापाच्या खाली गेले नव्हते. छाती अशी धडधडत होती की उमेदवारीचा पहिला दिवस असावा. त्यांनी डोळे बारीक केले आणि गेले खाली.

जोडाजोड करून तिघं पुन्हा दारात. भाचीने कडी फिरवली. टाकी धुक्यातून वर आली, तिच्यावरचा आकडा आला, शिडीच्या पायऱ्या मोजता येऊ लागल्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एक कावळा चोच घासत होता.

"दिसला!" मामा एवढ्याने ओरडले की समोरचा दुकानदार बाहेर आला.

पुढचा तासभर तिघांनी नुसता धुमाकूळ घातला. दुकानदाराच्या मिश्या झाल्या, तारेवरचे कपडे झाले, लांबच्या गच्चीतली दोन म्हातारी भांडताना झाली. ताईंचे हात थरथरायचे, तर भाची खालून लेन्सचा भार पेलायची आणि बटण ताईच दाबायच्या. आपली लेन्स म्हातारी झालीच नाही, हे त्या ज्याला त्याला दाखवत होत्या. मामांना इतका आनंद झाला होता की चार वाजल्याचं त्यांनीच सांगितलं.

गाडी निघाली. रस्त्याच्या वळणावर ती थांबली, तेव्हा काही विसरलं की काय म्हणून मामा दोन पावलं पुढे झाले. पण कुणी उतरलं नाही. थोड्या वेळाने गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

ते लेथ पुसत होते तेव्हा फोन वाजला. भाचीने फोटो पाठवला होता. लांबवर वर्कशॉपचं दार, दारात उभा एक ठिपका. मामांनी तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. ठिपक्याला चष्मा आला, पांढरे केस आले. हात वर केलेला होता. आपण हात केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पाठोपाठ फोनवर ताईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "शर्टाचं दुसरं बटण तुटलंय तुझ्या, आतली गंजी दिसतेय. सुईदोरा शिलाई मशीनच्या खणात आहे. आजच लाव."

मामा वर गेले. खणात सुई होती, दोरा होता, आणि कागदाच्या पुडीत त्याच रंगाची सहा बटणं काढून ठेवलेली होती. ते खिडकीशी बसले. दोरा पाचव्या खेपेला ओवला गेला. बटण त्यांनी घट्ट लावलं, गाठ मारली, आणि उरलेला दोरा केसभरही न ठेवता दाताने तोडला. बाहेर अजून थोडा उजेड होता.