वाघाचा बंब

पाडव्याआधी घरातली अडगळ काढायची ठरली, तेव्हा बनशंकरीतल्या फ्लॅटच्या त्या छोट्याशा बाल्कनीतला तांब्याचा बंब देऊन टाकायला इंदिराबाईच सगळ्यांत आधी तयार झाल्या. त्यांना तिथे उन्हात खुर्ची टाकायची होती. पण त्यांची नात सिद्धी बंबाला मिठी मारून बसली.

"अज्जी, याच्यात लपून आजोबा वाघापासून वाचले ना? मी नाही देणार!"

इंदिराबाईंनी जीभ चावली. ती थाप त्यांचीच. आता खरं सांगावं, तर आजवरच्या सगळ्या गोष्टींवर पाणी पडणार!

"अगं, वाघाची शेपटी झाकणात अडकून तुटली, ते सांगायचं राहिलंच की. त्याचा नातू आनेकलला असतो. शेपटी परत मागतोय बिचारा."

"आनेकलला? आपल्या कृष्णाजीअण्णांकडे?"

"त्यांच्या शेजारीच. म्हणून तर बंब अण्णांना द्यायचा. ते अजून लाकडांवर पाणी तापवतात."

सिद्धी खुदकन हसली. "सरी, चालेल. नेऊ देत."

पाडव्याच्या सकाळी इंदिराबाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या. सिद्धी पायाशी येऊन टेकली.

"अज्जी, वाघाचा फोन आला?"

"आला की. शेपटी जरा आखूड होतेय म्हणाला."