नवव्या चौकोनातली खुर्ची

काकीनाड्याच्या कनकवल्ली टीचरना स्वतःच्या पैशाने बांधलेल्या घरात खोली मिळाली नाही. पण असं काही झालंच नाही असं धरून चालू. त्यांचे यजमान सत्यानंदम गारू आजही तेच म्हणतात.

तेहेतीस वर्षं गणित शिकवून टीचर निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या नावावर प्लॉट घेतला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. आतून कडी लागणारी खोली. आत टेबल, खुर्ची, आणि दुसरं कोणीही नाही.

वास्तू बघायला सोमयाजुलु सिद्धांती आले. मुगाचे चार पेसरट्टू पोटात गेल्याशिवाय त्यांना दिशा सापडत नसत. पाचवा संपवून ते प्लॉटवर गेले आणि त्यांनी फक्कीने नऊ चौकोन आखले.

“यजमानांचं नाव?”

“कनकवल्ली,” टीचर म्हणाल्या.

“अम्मा, मी यजमानांचं विचारलं.”

“प्लॉट माझा आहे.”

“असू दे की! त्याचा दोष धरत नाहीत,” सिद्धांती उदारपणे म्हणाले, आणि सत्यानंदमच्या पहिल्या अक्षरावरून त्यांनी दरवाजा पूर्वेला पाडला.

सत्यानंदम गारूंनी मान डोलावली. त्यांनी आपण होऊन घेतलेला शेवटचा निर्णय मिशी ठेवण्याचा होता, आणि तीही थोरल्या भावाने काढायला लावली होती.

वाटप सुरू झालं. पूर्वेला इंद्र, तिथे बैठक. आग्नेयेला अग्नी, तिथे स्वयंपाक. दक्षिणेला यम, त्याच्याकडे तांदळाची कोठी दिली. निदान काही काम तरी लागेल. पश्चिमेला वरुण, म्हणजे न्हाणीघर. वायव्येला वायू, तिथे पाहुणे, कारण ते वाऱ्यासारखे येतात नि जातात. टीचरच्या नणंदेच्या बाबतीत हा वारा आला की अडीच महिने पडून राही. उत्तरेला कुबेर, तिथे तिजोरी. ईशान्येला ईश्वर, म्हणजे देवघर.

“नैऋत्य घरच्या कर्त्याची. म्हणजे आपली,” सिद्धांतींनी सत्यानंदमकडे बघून हात जोडले.

“आणि माझी खोली?”

“तीच की, अम्मा. भिंतीकडची बाजू.”

“हा मधला चौकोन कुणाचा?”

“ब्रह्मदेवांचा. तिथे काही म्हणजे काही ठेवायचं नाही.”

“ते राहायला कधी येणार?”

“येत नसतात ते.”

“मग रिकामा आहे.”

“रिकामा नाही अम्मा, मोकळा आहे.”

असली उत्तरं देणाऱ्या पोरांना टीचरनी तेहेतीस वर्षं बाकावर उभं केलं होतं. त्यांनी शेजारून खुर्ची मागून आणली आणि मधल्या चौकोनात मांडून बसल्या.

“अगं, ऊठ! ब्रह्मदेव बसलेत तिथे!” सत्यानंदम कळवळले.

“मग त्यांना म्हणावं, थोडं सरका.”

ब्रह्मदेव सरकले नाहीत. खुर्ची मात्र सिद्धांती आणि गवंडी या दोघांनी टीचरसकट उचलून रस्त्यावर ठेवली. रस्त्याला दोष लागत नाही.

घर ठरल्याप्रमाणे उभं राहिलं. मधली मोकळी जागा टीचर रोज पुसतात. गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेच्या खिडकीवर एक अर्ज दिला, पोच घेतली:

“अर्जदार सदर घराची एकमेव कायदेशीर मालक आहे. घरात सध्या आठ दिक्पाल, एक ब्रह्मदेव व एक पती यांचे कायम वास्तव्य असून अर्जदारासाठी जागा शिल्लक नाही. तरी बेघरांसाठीच्या योजनेतून अर्जदारास दहा बाय दहाची, आतून कडी असलेली एक खोली तातडीने मंजूर करण्यात यावी. खोलीला कोणतीही दिशा नसल्यास उत्तम. ही नम्र विनंती.”